शोकेसमधली चांदी काळी करणारा दगड

कृष्णाकाठी (धागाकर्ता)

दिवाळीच्या आवराआवरीत शोकेस रिकामी केली तेव्हा लग्नातली चांदीची गुलाबदाणी काळीठिक्कर पडलेली दिसली. वरच्या फळीवरची अत्तरदाणी जेमतेम पिवळसर. गुलाबदाणीशेजारचं तांब्याचं पंचपात्रही एका बाजूने काळं. आणि या दोघांच्या मधोमध भाच्याने सिसिलीहून आणलेला दगड. बायकोने सरळ त्याच्याकडे बोट दाखवलं. मी हसलो. म्हटलं, हे काय उकडलेलं अंडं आहे चांदी काळी करायला?

तिचं खरं निघालं. दगड म्हणजे हाउअराइट, मँगनीज डायसल्फाइड. तांबं किंवा चांदी जवळ आली की साध्या खोलीच्या तापमानालाही हा आपल्यातलं गंधक त्यांना देऊन टाकतो आणि त्यांचं सल्फाइड करतो. खनिजं जमवणारे लोक म्हणूनच याला चांदीच्या नमुन्यांपासून लांब, बंद डबीत ठेवतात. भाच्याला हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

त्यानंतर दोन महिने या दगडाचाच नाद लागलाय, म्हणून हा धागा. मी निवृत्त बँकवाला, भूविज्ञान माझा विषय नव्हे. चुकलं तर सांगा.

आधी रूप. दोन चौकोनी पिरॅमिड तळाशी चिकटवावेत तसा अष्टफलक स्फटिक, आवळ्याएवढा. रंग तपकिरी-काळा, पण उन्हात पातळ कडेतून पाहिलं तर आत गडद लाल झाक दिसते, जुन्या डाळिंबाच्या दाण्यासारखी. बिनझिलईच्या फरशीवर घासला तर विटकरी-तपकिरी रेघ उठते, यालाच खनिजशास्त्रात कस म्हणतात. कठिनता ४, म्हणजे चाकूने ओरखडा उठतो. विशिष्ट गुरुत्व (वि. गु.) ३.४६. फोडला तर घनाच्या पृष्ठांना समांतर स्वच्छ फुटतो. (फोडला नाही. वाचलं.)

आता गंमत. याची अंतर्रचना हुबेहूब पायराइटची. पायराइट म्हणजे लोखंड आणि गंधकाचं ते पिवळं, चकाकणारं खनिज, ज्याला सोनं समजून अनेकांनी हात पोळून घेतले. तिथे लोखंडाचा एक अणू आणि गंधकाची जोडी, इथे लोखंडाच्या जागी मँगनीज. आवर्तसारणीत दोघं शेजारी, २५ आणि २६. तरी एक पिवळा, दुसरा तपकिरी. एकाचं वि. गु. ५, दुसऱ्याचं साडेतीनच्या आत. पायराइट जगात सगळीकडे, खाणीत, कोळशात, चिखलात. हाउअराइट मात्र बोटावर मोजण्याइतक्या ठिकाणी.

पहिल्यांदा तो सापडला तो आजच्या स्लोव्हाकियातल्या कालिंकाच्या गंधकाच्या खाणीत. १८४६ साली व्हिएन्नाचा खनिजशास्त्रज्ञ हायडिंगर याने त्याचं वर्णन केलं आणि फॉन हाउअर या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक बाप-लेकांचं नाव दिलं. कालिंकाला ज्वालामुखीच्या खडकातून गंधकी पाणी आणि वाफा वर येऊन खडक कुजला होता, त्यात हा वाढला. पण जगभरच्या संग्रहालयांत दिसणारे सुरेख स्फटिक येतात ते सिसिलीतल्या रादुसाच्या गंधकखाणीतून. माझाही तिथलाच.

सिसिलीची कथा वेगळीच. साधारण ६० लाख ते ५३ लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचा अटलांटिकशी संबंध जवळजवळ तुटला आणि मिठागरासारखं पाणी आटत गेलं. जिप्समचे थरच्या थर बसले. पुढे जमिनीतल्या तेलकट द्रव्यांवर जगणाऱ्या जिवाणूंनी त्या जिप्सममधला सल्फेट फोडून हायड्रोजन सल्फाइड बनवला. त्याचं गंधक झालं, आणि त्याच्यावर सिसिलीतल्या कित्येक पिढ्या खाणीत राबल्या. या गंधक-जिप्समच्या संगतीत, चिकणमातीत, हाउअराइट कुठे कुठे मिळतो. तापमान बेताचं, गंधक उदंड, लोखंड नगण्य. तीन अटी.

यातली तिसरी अट मला नीट कळलेली नाही. मँगनीज तर पृथ्वीवर भरपूर आहे, आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडे मोठ्या खाणी आहेत. गंधकही भरपूर. मग दोघांचं लग्न इतकं दुर्मीळ का? जाणकारांनी लिहावं.

जांभा

पहिला! आणि छान लिहिलंय काका. एक बारीक दुरुस्ती : 'एकच रचना, फक्त धातू बदलला' म्हटल्यावर सगळं सारखंच असणार असं वाटतं, पण फरक तिथेच आहे. हाउअराइटच्या स्फटिकातल्या मूळ घनाची कड ६.१ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग), पायराइटच्या घनाची ५.४. मँगनीज इथे ऐसपैस बसतो. म्हणून तर वजनाला हलका.

कारण इलेक्ट्रॉनमध्ये. वसतिगृहात पाच खोल्या समजा. मँगनीजचे पाच इलेक्ट्रॉन एकेकटे एकेका खोलीत राहतात, शेजार नको म्हणतात. पायराइटमधल्या लोखंडाचे सहा जण मात्र तीनच खोल्यांत जोडीने कोंबलेले, दोन खोल्या रिकाम्या. त्यामुळे अणू आखडतो आणि गंधकाला घट्ट धरतो. मँगनीजची पकड सैल. तुमच्या गुलाबदाणीला गंधक इतकं सहज गेलं ते काही उगाच नाही.

या मँगनीजलाही कोंबता येतं म्हणे. प्रयोगशाळेत वातावरणाच्या लाखभर पटीहून जास्त दाब दिला की तो हट्ट सोडतो, इलेक्ट्रॉन जोड्या करतात आणि दगडाचं आकारमान एकदम पाचव्या हिश्श्याहून जास्त घटतं. २०१४ साली यावर शोधनिबंध छापून आला होता.

बेदाणा

काका, मणेराजुरीत माझी द्राक्षबाग आहे. मँगनीज सल्फाइड आमच्याकडे दुर्मीळ नाही हो, दुकानात पोत्याने मिळतं. खरड छाटणीनंतर पानं शिरांच्या मधे पिवळी पडली की फवारतो. तुमच्या दगडाचं कौतुक वाटलं, पण इतकं काय त्यात?

किपचा वास

@बेदाणा, तुम्ही फवारता ते सल्फेट. शेवटच्या अक्षरावर सगळा खेळ आहे. सल्फेटमध्ये गंधकाभोवती चार ऑक्सिजन असतात, पाण्यात साखरेसारखं विरघळतं. सल्फाइडमध्ये ऑक्सिजन औषधालाही नाही.

पण तुमच्या बागेतच काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. तासगावकडची जमीन चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या वर. मातीत मँगनीज असतंच, पण अशा हवेशीर, विम्लधर्मी मातीत ते ऑक्सिजन धरून काळं ऑक्साइड होऊन बसतं आणि मुळांना मिळत नाही. म्हणून तर पानांवर फवारावं लागतं. मँगनीजला ऑक्सिजन मिळाला की तो दुसऱ्या कुणाकडे बघत नाही. नागपूर-भंडारा-बालाघाटचं सगळं धातुक बघा : ब्राउनाइट, पायरोल्युसाइट, सायलोमेलेन. सगळी ऑक्साइडं, नाहीतर सिलिका घेतलेली. तिथल्या एका मँगनीजयुक्त खडकाला फर्मोर या ब्रिटिश भूवैज्ञानिकाने गोंड लोकांवरून 'गोंडाइट' नाव दिलं, पण त्या पट्ट्याची ओळख ऑक्साइडचीच.

मी सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजला बीएस्सी केलं. क्षार ओळखायच्या प्रात्यक्षिकात गट तीन ब आठवतोय का कुणाला? अमोनिया घालून किपच्या उपकरणातला वायू, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, सोडायचा. जस्त असेल तर पांढरा साका, निकेल-कोबाल्ट असेल तर काळा आणि मँगनीज असेल तर फिकट मांसल गुलाबी. तो गुलाबी साका म्हणजेच मँगनीज सल्फाइड! परीक्षानळी तशीच ठेवली की जेवणाच्या सुट्टीनंतर तो तपकिरी. हवेतला ऑक्सिजन आला की हा गेलाच. आमच्या सुती ॲप्रनला त्या वायूचा वास दिवाळीपर्यंत राहायचा.

बेदाणा

कळलं सर. दुकानदाराच्या तोंडी आणि पोत्यावर सल्फेटच होतं, मीच इतकी वर्षं सल्फाइड म्हणत होतो. बायकोने आत्ता पोतं दाखवलं.

यवतेश्वरकर

साताऱ्याहून. कासच्या रस्त्याला फुटलेल्या दगडात काळी, फांद्या-फांद्यांची नक्षी दिसते, अगदी नेच्याची पानं छापल्यासारखी. लहानपणी आम्ही जीवाश्म म्हणून शाळेत नेऊन दिला होता. हे तुमचं मँगनीज सल्फाइड का?

जांभा

नाही, आणि जीवाश्मही नाही. भेगेतून पाणी झिरपताना मँगनीजचं ऑक्साइड असं फांद्या फुटत बसतं. पुन्हा ऑक्साइडच!

आपला सगळा भाग दख्खनच्या बेसाल्टचा. त्यात मँगनीज ऑक्साइड ०.२ टक्क्यांच्या आसपास आणि लोखंडाची ऑक्साइडं मात्र बारा-चौदा टक्के. लाव्ह्यात थोडंफार गंधक होतं ते लोखंड आणि तांब्याने उचललं. मँगनीज मुकाट्याने पायरॉक्सीन या बेसाल्टमधल्या खनिजाच्या स्फटिकात लोखंडाच्या जागी जाऊन बसलं. नंतर पोकळ्यांमध्ये स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट असे सुंदर स्फटिक वाढले, त्यांच्यासाठी तर जगभरातून लोक येतात. पण मँगनीजचं सल्फाइड व्हायला इथे वाव नव्हता. वर डोंगरमाथ्यावर जांभा झाला तेव्हा ऊन-पावसाने उरलंसुरलंही ऑक्साइड करून टाकलं. महाबळेश्वरचे धावड त्याच जांभ्यातून पूर्वी लोखंड गाळायचे.

काकांच्या तिसऱ्या अटीचं उत्तर हेच. गंधकाच्या पंगतीत लोखंड आधी बसतं आणि ताट साफ करतं.

कृष्णाकाठी

@जांभा, @किपचा वास, आता उजेड पडला. म्हणजे दोन अडथळे : ऑक्सिजन असेल तर मँगनीज त्याच्याकडे, आणि ऑक्सिजन नसेल, गंधक असेल, तर लोखंड आडवं येणार.

दुसऱ्याचा पुरावा तर सांगलीकरांनी स्वतःच्या हाताने उपसलाय. २०१९ च्या पुराचं पाणी ओसरल्यावर माझ्या मेव्हण्याच्या दुकानाच्या तळघरात जो गाळ राहिला, तो वरून तपकिरी आणि फावडं मारलं की आत कुळकुळीत काळा, सडक्या अंड्याचा वास. तो काळा रंग लोह सल्फाइडचा ना?

किपचा वास

बरोबर. गाळात हवा पोचली नाही की जिवाणू सल्फेटमधून ऑक्सिजन काढून घेतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. तो लोखंडाला भेटला की काळा. मँगनीजही त्याच गाळात सुटं होतं, पण त्याचं सल्फाइड लोखंडापेक्षा कितीतरी जास्त विरघळणारं, म्हणून ते पाण्याबरोबर निघून जातं. वर हवा लागली की ऑक्साइड, वाटेत कार्बोनेट भेटलं तर ऱ्होडोक्रोसाइट, म्हणजे मँगनीज कार्बोनेट. सल्फाइडपर्यंत पाळी येतच नाही.

बाल्टिक समुद्राच्या खोल तळात मात्र येते. तिथे उत्तर समुद्राचं खारं, ऑक्सिजनवालं पाणी अधूनमधून लोटतं आणि मधली कित्येक वर्षं तळ गुदमरलेला असतो. मँगनीज साचतं, सल्फाइड साचतो, आणि गाळात षट्कोनी रचनेचं मँगनीज सल्फाइड सापडतं. तोच आमचा गुलाबी साका, रचनेने! त्याचं खनिज म्हणून नाव राम्बर्गाइट. पहिला नमुना स्वीडनमधल्या गार्पेनबर्गचा.

ओतारी कुपवाड

मंडळी, सकाळपासून वाचतोय आणि हसतोय. दुर्मीळ, दुर्मीळ काय लावलंय? माझ्या फाउंड्रीत रोज काही किलो मँगनीज सल्फाइड तयार होतं, आणि तुमच्या सगळ्यांच्या घरात आहे. मिक्सरच्या मोटरचा शाफ्ट, सायकलचा नट, पाण्याच्या पंपाची बॉडी, कुठंही बघा.

बिडाच्या भट्टीत कोक आणि स्क्रॅपमधून गंधक येतंच. ते लोखंडाबरोबर राहिलं तर लोह सल्फाइड कणांच्या सांध्यावर पातळ पापुद्र्यासारखं पसरतं, आणि ते लवकर वितळतं. असं पोलाद लाल तापवून घण घातला की चिरफळ्या. जुने लोहार 'लाल ठिसूळ' म्हणायचे ते हेच. म्हणून फेरोमँगनीज टाकायचं. १६०० अंशांच्या भट्टीत मँगनीज गंधकाला लोखंडाच्या हातातून काढून घेतं आणि गोळी करून बसतं. मँगनीज सल्फाइड वितळतं १६१० अंशांच्या आसपास, म्हणजे बीड गोठायच्या कितीतरी आधी ते घट्ट झालेलं असतं. करड्या बिडासाठी आमचा हिशेब साधा : मँगनीज टक्के = १.७ गुणिले गंधक टक्के, अधिक ०.३. माझ्या वडिलांनी शिकवला, ते किर्लोस्करवाडीला मोल्डर होते.

आणि गंधक अगदीच काढून टाकलं तरी पंचाईत. कुपोलाच्या (कोकवर चालणाऱ्या भट्टीच्या) जागी विजेवरची इंडक्शन भट्टी बसवली तेव्हा सुरुवातीला आमच्या कास्टिंगच्या पातळ कडा पांढऱ्या, काचेसारख्या कडक व्हायच्या. टर्नर शिव्या घालायचा. कारण काय, तर नव्या भट्टीत कोक नाही म्हणून गंधक फार कमी. ग्रॅफाइटची पापडी वाढायला मँगनीज सल्फाइडचे कण बी म्हणून लागतात. आता मुद्दाम थोडं आयर्न पायराइट टाकून गंधक ०.०६ टक्क्यांच्या घरात ठेवतो. घ्या! काकांचा सोनेरी दगड इथे कामाला आला.

टूलबिट

ओतारीकाकांना दुजोरा. मी टर्नर (त्या कास्टिंगला शिव्या घालणारा मी नव्हे). आमच्याकडे ईएन१ए नावाचा बार येतो, त्यात मुद्दाम ०.२ ते ०.३ टक्के गंधक आणि एक टक्क्याच्या आसपास मँगनीज. लेथवर लावला की चिप लांब भेंडोळ्यासारखी न येता तुकडे तुकडे पडते, टूल पण कमी झिजतं. त्या सल्फाइडच्या कणांशी चिप तुटते असं आयटीआयला सरांनी सांगितलं होतं, पण कुठं तरी असाच दगड असतो हे आज कळलं. लई भारी.

एक तोटा पण सांगतो. गंधकवालं स्टेनलेस, ३०३ नंबर, कापायला लोण्यासारखं, पण ३०४ च्या मानाने लवकर गंजतं. गंज धरतो तो बहुतेक त्या सल्फाइडच्या कणापासूनच. गिऱ्हाईक म्हणतं माल खोटा दिला.

यवतेश्वरकर

मग तेच मँगनीज सल्फाइड कुपवाडला किलोने होतं आणि डोंगरात होत नाही, हे कसं? खनिज नाही म्हणायचं का त्याला?

जांभा

माणसाने भट्टीत केलं ते खनिज नव्हे, नियमच तसा. पण भट्टीत जे होतं ते खनिजाच्या जातीचंच, अलाबॅंडाइट. म्हणजे एक मँगनीज, एक गंधक, मिठासारखी घनरचना. हाउअराइटपेक्षा वेगळा : काळा, वि. गु. ४, आणि कस चक्क हिरवा! काळ्या दगडाची हिरवी रेघ फार थोड्या खनिजांची असते, तीच त्याची ओळख. नाव तुर्कस्तानातल्या अलाबांडा या जुन्या गावावरून, पण खरे नमुने रुमानियातल्या सोन्याच्या खाणींतले. चांदीच्या शिरांमध्येही येतो. पेरूतल्या उचुचाकुआ खाणीत भरपूर आहे.

आणि दोघांचं नातं असं की हाउअराइट बंद नळीत तापवला की जादा गंधक उडून नळीच्या थंड भागात पिवळं बसतं आणि मागे हिरवट मँगनीज सल्फाइड उरतं. काका, हे करू नका. भाचा परत बोलणार नाही.

कुपवाडला जमतं कारण भट्टीत कार्बन आणि सिलिकॉनने ऑक्सिजनला आधीच बांधून टाकलेलं असतं, आणि त्या तापमानाला मँगनीज गंधकाला लोखंडापेक्षा जास्त घट्ट धरतं. पाण्यात आणि चिखलात हिशेब उलटा फिरतो. निसर्गात भट्टीसारखी ऑक्सिजनची टंचाई कुठे, तर एन्स्टॅटाइट (मॅग्नेशियमचं एक सिलिकेट) जातीच्या उल्कांमध्ये. तिथे कॅल्शियमसुद्धा गंधक घेऊन बसतं. पोलंडमधल्या झाक्लोद्झिए उल्केत मँगनीज सल्फाइडचा तिसरा प्रकार मिळाला, ब्राउनीआइट, २०१२ मध्ये मान्य झाला. म्हणजे एकच रसायन, तीन रचना : एक चांदीच्या खाणीत, एक समुद्रतळात, एक आकाशातून. शिवाय काकांच्या शोकेसमधला जादा गंधकवाला.

कडीपत्ता

मला दगडातलं काही कळत नाही, पण गुलाबदाणीचं काय झालं ते कुणीच विचारलं नाही. पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, त्यावर भांडं, खायचा सोडा आणि उकळतं पाणी. काळं उतरतं, चांदी घासावी लागत नाही. रांगोळीने घासू नका, नक्षी जाते.

कृष्णाकाठी

@कडीपत्ता ताई, केलं. स्वयंपाकघरभर अंड्याचा वास, बायको म्हणाली कळला तुझा दगड. पण नव्व्याण्णव टक्के उतरलं.

मधल्या दहा दिवसांत एक प्रयोगही केला. दोन बरण्या, दोन्हींत तासून लख्ख केलेली तांब्याची तार. एका बरणीत तार दगडावर टेकवून, दुसरीत नुसतीच. दगडावरची जिथे टेकली तिथे काळी झाली, दुसरी अजून तांबूस.

आणि शनिवारी ओतारीकाकांच्या फाउंड्रीत जाऊन आलो. त्यांनी बिडाचा तुकडा आरशासारखा पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. ग्रॅफाइटच्या काळ्या अळ्या आणि त्यांच्या मधे मधे पारव्याच्या पंखासारखे करडे, कोपरे असलेले ठिपके. काका म्हणाले, हे बघा तुमचं रत्न. मी दगड खिशात घेऊन गेलो होतो, तो काढून शेजारी ठेवला. शेजारच्या ट्रेमध्ये तांब्याच्या कॉइल पडल्या होत्या, काकांनी लगेच माझा हात धरला आणि दगड उचलून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घातला. ती बरणी आता आमच्याकडे आहे. त्यांच्या बायकोला परत हवी आहे.

ओतारी कुपवाड

झाकणासकट.